चेहरा दिसणार नाही

बादलच्या मानेवरचा काळा पट्टा म्हणजे मळच, अशी रुपीबाईची पक्की समजूत होती. रविवार आला की ती पोराला न्हाणीजवळ बसवायची आणि वजरी घेऊन त्याची मान घासायची. कधी लिंबू, कधी राख, कधी भांड्यांचा साबण. कातडी लाल व्हायची, सोलून निघायची, काळेपणा मात्र जिथल्या तिथं. तेवीस वर्षांचा, दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागणारा, दिग्रसच्या जिनिंगच्या कारखान्याला कापसाची पिकअप नेणारा तिचा बादल आईपुढं मान घालून गुपचूप बसायचा. तांड्यातली पोरं त्याला 'मळ्या' म्हणत. तोही हसायचा. आपण आधी हसलो की बाकीचे लवकर थांबतात, हे जाड पोरांना शाळेतच कळलेलं असतं.

तो मळ नाही, हे तांड्याला कळलं ते रंजितामुळं.

रंजिता आडे ही बादलच्या थोरल्या चुलत्याची मुलगी. समाजकार्य शिकली आणि यवतमाळच्या एका संशोधन संस्थेत कामाला लागली. संस्थेनं जिल्ह्यात एक अभ्यास काढला होता: अठरा ते तीस वयाच्या पोरापोरींमध्ये लठ्ठपणा किती, साखर किती, आणि हृदयाला धोका किती. पंचविशीतली माणसं छातीत कळ येऊन जायला लागली होती, आणि ती शहरातलीच होती असंही नाही. अभ्यासाचे प्रमुख डॉ. कोंडावार. माणूस कामाचा. रविवार पाहायचे नाहीत, रस्ता पाहायचे नाहीत. जिथं कधी साधं रक्तदाब मोजायचं यंत्र गेलं नव्हतं तिथं वजनकाटा आणि शीतपेटी घेऊन जायचे. पोरींना नावानं हाक मारायचे, चहा स्वतः आणून द्यायचे. रंजिताला त्यांचा आदर वाटे. घरी फोन केला की ती आईला सांगायची, "आमचे सर देवमाणूस हायेत."

देवीलाल नाईकाच्या, म्हणजे तिच्याच तांड्यावर शिबिर घ्यायचं ठरलं तेव्हा सरांनी काम तिच्यावर सोपवलं. तांड्यातली पोरं रक्त द्यायला तयार नव्हती. "रक्त विकतात म्हने हे लोक," एक म्हणाला. दुसऱ्याला सुईची भीती होती, पण ते कोण कबूल करणार! रंजिता घरोघर फिरली. गोरबोलीत, आपल्या बंजारा बोलीत बोलली, चहा प्याली, म्हाताऱ्या नाईकाच्या पाया पडली. आणि सगळ्यात आधी तिनं आपल्या बादलला राजी केलं. बादल आला की बाकीचे येतील, हे तिला माहीत होतं.

सेवालाल महाराजांच्या देवळापुढच्या मंडपात टेबलं लागली. बादलचं रक्त घेतलं, कंबर मोजली, दाब मोजला. मग डॉक्टरांनी त्याची कॉलर बाजूला केली, मानेवरून बोट फिरवलं आणि रुपीबाईला जवळ बोलावलं.

"आई, हा मळ नाही. कितीही घासलं तरी निघायचा नाही. शरीरात साखरेचं गणित बिघडलं की कातडी अशी होते."

रंजितानं ते गोरबोलीत समजावून सांगितलं. रुपीबाई ऐकत राहिली. मग तिनं पोराच्या मानेवर तळवा ठेवला, फुंकर घालावी तसा हलका.

"इतके दिस मी याची कातडी सोलली व माय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

त्या घडीला रंजिताला वाटलं, आपण शिकलो त्याचं चीज झालं.

डॉक्टर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "फार छान केस आहे. मानेचा एक फोटो घेऊ. आणि पोटाचाही. शर्ट काढायला सांग त्याला."

बादल नाही म्हणाला. शाळा सुटल्यापासून तो कुणासमोर उघडा झाला नव्हता. विहिरीत पोहायला उतरे तोही बनियनसकट. देवळामागच्या खोलीत तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि शर्टाच्या वरच्या गुंडीवरची त्याची बोटं हलेनात.

"नोको व बाई," तो म्हणाला. तांड्यात थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात.

"अरे, अभ्यासासाठी पाह्यजेन. चेहरा दिसणार नाही. सरांनं सबद देल्ला हाये. मी हाये ना इथं!"

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि गुंड्या सोडल्या. शर्ट कुठं ठेवावा हे त्याला सुचेना, म्हणून तिनं तो हातात घेतला. त्याच्या छातीवर डाव्या बाजूला 'याडी' असं गोंदलेलं होतं. याडी म्हणजे आई. मागच्या यात्रेत डायव्हरांबरोबर गेला तेव्हा वरच्या दोनच गुंड्या सोडून गोंदवून आला होता, अक्षरं थोडी वाकडी पडली होती. डॉक्टरांनी फोनमधून समोरून, बाजूनं, मागून असे फोटो काढले. बादल छताकडं पाहत होता.

रिपोर्ट आले. साखर चांगलीच वाढलेली, रक्तदाबही. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, काय खायचं ते सांगितलं. आणि बादलनं ऐकलं, हे विशेष. जिनिंगपुढं गाड्यांची रांग लागली की बाकीचे डायव्हर थंड्याच्या बाटल्या आणि समोसे घेऊन बसत. हा गाडीतून उतरून रांगेच्या टोकापर्यंत चालत जाई, परत येई. सकाळी शेतापर्यंत पायी. रुपीबाई ज्वारीची भाकर बांधून देऊ लागली. पँट ढिली झाली तेव्हा त्यानं रंजिताला फोन करून सांगितलं, "बाई, पट्ट्याले नवीन भोक पाडा लागलं!" तांड्यातली आणखी पोरं तपासायला तयार झाली ती त्याच्याकडं पाहूनच.

थंडीच्या दिवसांत यवतमाळच्या एका हॉटेलात डॉक्टर लोकांची परिषद भरली. कोंडावार सर त्यात आपला अभ्यास मांडणार होते. त्यांनी सगळ्या चमूला बोलावलं. रंजितानं ठेवणीतला ड्रेस घातला आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. हॉलमध्ये एसी लावलेला, अत्तराचा वास, खुर्च्यांना पांढरी कापडं आणि त्यांना लाल फिती.

सर छान बोलत होते. ते म्हणाले, "या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून सारा देश पायी फिरले. त्याला लदेणी म्हणतात. आज त्यांचा नातू तोच माल वाहतो, पण बसून." लोकांनी माना डोलावल्या. हे वाक्य रंजिताचं होतं. एकदा गाडीतून येताना तिनं सरांना सांगितलेलं, तिच्या आजोबाकडून ऐकलेलं. तिला बरं वाटलं. शेजारच्या मुलीला सांगावंसंही वाटलं.

मग पडद्यावरचं चित्र बदललं.

भिंतभर बादल. डोळ्यांवर एक काळी पट्टी, आणि पट्टीखाली सगळं उघडं. खांदे पाडलेला, पोट पुढं आलेला, पोटावरच्या रेघा एकेक मोजता याव्यात इतका मोठा. छातीवरचं 'याडी' मागच्या रांगेतूनही स्पष्ट वाचता येत होतं.

"आणि हा आमचा नातू," सर म्हणाले. क्षणभर थांबले. थांबावं कुठं हे त्यांना चांगलं कळत होतं. "आम्ही तारीख विचारली. म्हणाला, नववा लागलाय."

हॉल हसला. साधं नव्हे, खुर्च्या हलल्या. पुढून कोणीतरी ओरडलं, "जुळी दिसतात, सर!" आणि मग तर काही बोलायची सोय राहिली नाही. एक बाई डोळे पुसत होती. दोघातिघांनी फोन वर धरून पडद्याचे फोटो काढले. सरही हसत होते, हात वर करून 'पुरे, पुरे' म्हणत होते, आणि पुरे व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

रंजिताचं लक्ष फोटोच्या कडेला गेलं. तिथं एक हात होता. मनगटापर्यंतच आलेला, निळा शर्ट धरलेला, लाल पट्ट्याचं घड्याळ बांधलेला. तेच घड्याळ आत्ता तिच्या मनगटावर होतं. तिनं हात ओढणीखाली घेतला.

उठावं, ओरडावं, पडद्याची वायर ओढून काढावी, असं सगळं तिच्या मनात आलं. ती उठली नाही. पुढचं चित्र आलं, मग आकडे आले, मग टाळ्या. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते तेव्हा आपले दोन्ही हात ओढणीखाली आहेत एवढंच तिला कळत होतं.

जेवणात पनीर लोण्यात पोहत होतं. गरम जिलेबी होती, वर रबडी. मघाशी जुळ्यांचा शेरा मारणारे डॉक्टर तिच्या पुढ्यातच उभे होते. ताट छातीशी धरलेलं, हनुवटीवरून पाकाचा ओघळ, शर्टाची एक गुंडी ताणून सुटलेली आणि त्यातून बनियन दिसत होतं. रंजिता त्या सुटलेल्या गुंडीकडं पाहत राहिली. एक घाणेरडं हसू तिच्या ओठांपर्यंत आलं. आपणही त्यांच्यासारखंच पाहतोय, हे ध्यानात आलं आणि तिनं नजर वळवली. सगळीकडं तोंडं चालत होती. चमचे, दाढा, ओठांवरचं तेल. हृदयाच्या धोक्यावर सकाळभर बोललेली तोंडं.

"रंजिता, अगं जेवली नाहीस?" कोंडावार सर ताट घेऊन आले. खुशीत होते. "तुझ्या त्या लदेणीनं बहार आणली बघ."

"सर, तो फोटो..."

"कोणता? अच्छा, तो. चेहरा झाकलाय ना. कोण ओळखणार?"

"माझा भाऊ आहे तो, सर."

"म्हणूनच तर! आपलं घरचं माणूस. परक्याचा असता तर मी टाकलाच नसता." त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला. "थोडं हसवावं लागतं गं. जेवणाच्या आधीचं भाषण, लोक झोपतात."

ती स्वच्छतागृहात गेली आणि भडभडून ओकली. सकाळचा चहा तेवढा होता, तोच निघाला. चूळ भरून ती बाहेर आली आणि सगळ्यांबरोबर संस्थेच्या गाडीत बसून परत गेली. दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. पगार लागत होता, हे खरं. सरांसमोर तोंड उघडायची सवय नव्हती, हेही खरं. पण खरं काहीही असलं तरी ती गेली.

फोटो परिषदेतच राहता तर गोष्ट वेगळी झाली असती. तो कुणाच्या फोनमधून निघाला ते कळलं नाही. औषध विकणाऱ्यांच्या गटातून मेडिकल दुकानांच्या गटात आला, तिथून दिग्रसला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'नववा महिना लागला, पेढे कधी?'

बादलची गाडी जिनिंगपुढं रांगेत उभी होती. तो पायीच चालत होता, नेहमीसारखा. एका गाडीच्या टपावर बसलेले डायव्हर फोन पाहत होते. त्यातल्या एकानं बादलला पाहिलं, फोन पाहिला, पुन्हा बादलला पाहिलं. चेहऱ्याची गरजच नव्हती. 'याडी' गोंदलेला दुसरा बादल दिग्रसच्या रांगेत कुठून येणार!

"काय बे, डोहाळे कायचे लागले तुले?"

एकानं त्याचा शर्ट वर करून पाहिला. दुसऱ्यानं पोटाला कान लावला. बादल हसला नाही. पहिल्यांदाच हसला नाही, म्हणून ते जास्तच हसले. त्यानं भरलेली गाडी तशीच रांगेतून काढली, तांड्यावर आणून उभी केली आणि आत जाऊन पडला. संध्याकाळी गोळ्यांची पाकिटं उकिरड्यावर फेकली. मग दुकानातून क्रीमची बिस्किटं आणली आणि एकामागून एक खात बसला. भूक लागलेला माणूस तसं खात नाही. एखाद्या वैऱ्याच्या तोंडात कोंबावं तसं तो आपल्या तोंडात कोंबत होता. रुपीबाईनं हात धरला तर त्यानं तो झटकला. तसं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

रंजिता सुट्टीला घरी आली तेव्हा रुपीबाई अंगणात येऊन उभी राहिली. हातात बादलचा फोन. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो बोटांनी मोठा कसा करायचा ते ती शिकली होती. तिनं तो मोठा केला आणि रंजितापुढं धरला.

"हा हात कोनाचा हाये?"

"काकी..."

"कोनाचा हाये, थे सांग."

"माहा."

रुपीबाई शिवी देईल, छाती बडवेल असं रंजिताला वाटलं. तसं काही झालं नाही. रुपीबाईनं बाजूला मान वळवली आणि मातीत थुंकली. तोंडात किडा गेल्यावर माणूस थुंकतो तशी. मग पदराच्या टोकानं ओठ पुसले आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात अभ्यासाची दुसरी फेरी होती. त्याच पोरांचं रक्त पुन्हा घ्यायचं, वजन पुन्हा करायचं. देवीलाल नाईकानं निरोप धाडला: आमच्या तांड्यावर पाऊल ठेवू नका. कोंडावार सरांनी रंजिताला फोन केला.

"झालं ते वाईट झालं. कुणी फोटो पसरवला त्याची मी चौकशी करतो. पण हा तांडा गळला तर सगळा अभ्यास लंगडा पडेल. तू असं कर, त्या मुलाला घरी साखर तपासायचं यंत्र भेट देऊ. छोटासा कार्यक्रम घेऊ. हार, शाल. त्याचं वजन उतरलंय ना? त्यालाच आपल्या मोहिमेचा चेहरा करू!"

"चेहरा?" रंजिता म्हणाली.

"हो. आता झाकायचं काय कारण?"

तिनं फोन कानापासून दूर धरला. त्यातून बारीक आवाजात सर बोलतच होते. तळहाताला काहीतरी चिकट लागलंय असं वाटून तिनं तो कुर्त्याला पुसला.

दुपारी ती बादलकडं गेली. तो पिकअपमध्ये चालकाच्या जागी बसला होता, गाडी बंद, काचा वर. तिनं काच वाजवली. बऱ्याच वेळानं त्यानं ती अर्धी खाली केली. आतून शिळ्या तळणाचा आणि घामाचा वास आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"तू होती तथी?" त्यानं विचारलं.

"होती."

"लोक हासले?"

"हासले."

"तू हासली का?"

"नाई रे बादल."

"मंग उठली काहून नाई?"

तिच्याकडं उत्तरं होती. नोकरी, सर, एवढी मोठी माणसं. सगळी तिनं मनात मांडून पाहिली आणि त्यातलं एकही तिला तोंडाबाहेर काढवेना.

"भेली मी," ती शेवटी म्हणाली. "अन् मंग जेवाच्या टायमाले ओकली. बस, तेवढंच केलं."

बादलनं समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. तुरीच्या वाळल्या शेंगा एका अंगणात पडल्या होत्या, त्यात कोंबड्या फिरत होत्या.

"मले माह्या अंगाची किळस येऊन राह्यली व बाई," तो म्हणाला. "आंघोय करतानी मी खाली पाहत नाई. आंधी असं नोतं. आंधी जाडा होतो, पन माहा होतो."

मग त्यानं पलीकडचं दार उघडलं.

"बस. मले त्याच्याकडे ने."

यवतमाळला संस्थेत डॉ. कोंडावार आपल्या खोलीत एकटेच होते. बादलला पाहून उठून उभे राहिले, हात पुढं केला. "ये, ये! मी म्हणतच होतो रंजिताला, हा समजूतदार मुलगा आहे. चहा सांगू? बिनसाखरेचा हं!" आणि स्वतःच हसले.

बादल बसला नाही. खिशातून फोन काढून त्यानं समोर धरला.

"साहेब, शर्ट काढा."

"काय?"

"शर्ट काढा. फोटो घ्याचा हाये."

"हा काय फालतूपणा आहे?"

"चेहरा दिसणार नाही," बादल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. लहान मुलाला समजवावं तसा तो बोलत होता. "काळी पट्टी लावतो ना मी. कोन ओळखते! अभ्यासासाठी पाह्यजेन."

डॉक्टर रंजिताकडं वळले. "याला तू इथं आणलंस?"

"हो सर, मीच आणलं," ती म्हणाली. "तुमच्यापुढं उघडं व्हायलाही मीच आणलं होतं."

"मी डॉक्टर आहे! रोज शंभर माणसं पाहतो मी उघडी. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"तेच म्हनतो मी," बादल म्हणाला. "त्यात काय हाये! काढा."

डॉक्टरांचा हात आपसूक पांढऱ्या कोटाकडं गेला. कोट दोन्हीकडून ओढून त्यांनी पोटावर बंद केला. ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं. रंजितानं पाहिलं, बादलनंही पाहिलं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते दाराकडं पाहत होते, कोणी येतंय का म्हणून.

"नाई ना काढवत?" बादल म्हणाला. "मलेबी नोतं काढवत." त्यानं फोन खिशात ठेवला.

डॉक्टर खुर्चीत बसले. संगणक सुरू केला, खटखट बटणं दाबली, पडदा त्यांच्याकडं फिरवला. "हे बघ, काढून टाकला. भाषणातूनही, फोनमधूनही. चुकलं माझं, बास?" मग श्वास सोडून, हिशोब मिटल्यासारखे म्हणाले, "आता तरी दुसऱ्या फेरीला रक्त द्याल ना?"

रंजिताला वाटलं आपण पुन्हा ओकणार. परिषदेतल्या हसण्यापेक्षा, जिलेबीपेक्षा हे घाण होतं. समोर उभ्या असलेल्या पोराकडं पाहतानाही या माणसाला रक्तानं भरायची एक नळीच दिसत होती. आणि हाच माणूस एका रविवारी मंडपात उभा राहून रुपीबाईला 'आई' म्हणाला होता. तेव्हा तो खोटं बोलत नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तो निव्वळ लुच्चा निघाला असता तर तिला सोपं गेलं असतं.

बाहेर आल्यावर बादल जिन्यात थांबला. दम लागला होता.

"काढला असता तं खरंच फोटो घेतला असता का रे?" तिनं विचारलं.

"कोन पाहीन थे?" तो म्हणाला, आणि उतरू लागला.

रंजितानं नोकरी सोडली आणि तांड्यावर परतली. सोडताना संस्थेच्या वरिष्ठांकडं तक्रार दिली, झालं ते सगळं सांगितलं, स्वतःचं नावही वगळलं नाही. 'नोंद घेतली आहे' एवढं उत्तर आलं. तांड्याच्या जागी दुसरं गाव धरून दुसरी फेरी पार पडली म्हणे. जिनिंगच्या रांगेत फोटो अजून अधूनमधून निघे. एकदा तर तो रंजिताच्याच फोनवर आला, बारावीच्या वर्गमैत्रिणींच्या गटात. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. तिनं लिहिलं, 'हा माझा भाऊ आहे.' गटात तो दिवस कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी फुलांसकट सुप्रभात टाकलं आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

गोळ्या सुटल्या त्या सुटल्याच होत्या. उन्हाळा लागता लागता बादलच्या टाचेला बाभळीचा काटा लागला. जखम भरेना. पाणी येऊ लागलं, मग वास. रुपीबाईनं हळद भरली, पाला बांधला. वास दाराबाहेर येऊ लागला तेव्हा एका सकाळी ती रंजिताच्या अंगणात आली. त्या दिवशी उभी होती तिथंच उभी राहिली. डोळ्याला डोळा दिला नाही.

"सरकारी दवाखान्यात मले काई समजत नाई," ती म्हणाली. "कोनती खिडकी, कोनता कागद. थो एकटा जात नाई. तू येजो."

"येईन काकी."

"तुह्यासाठी नाई म्हनून राह्यली. त्याच्या पायासाठी."

दिग्रसच्या सरकारी दवाखान्यात गर्दी होती. रंजितानं चिठ्ठी काढली, रांग धरली. बादल बाकावर पाय पुढं करून बसला होता, आणि बाजूची माणसं नाकाला रुमाल लावून सरकत होती. त्यानं कोणाकडं पाहिलं नाही. नंबर लागला तसा तो भिंत धरून उठला. रुपीबाईनं एका बाजूनं आधार दिला. रंजिता दुसऱ्या बाजूनं पुढं झाली, तर त्यानं दंड सोडवून घेतला. रागानं नव्हे. हलकेच.

आतून नर्सचा आवाज आला, "शर्ट काढून झोपा बाबा, छातीची पट्टी, ईसीजी काढायचा आहे."

बादल दारात थांबला. मानेवरचा काळा पट्टा कॉलरच्या वर आला होता. त्याचा हात पहिल्या गुंडीवर गेला आणि तिथंच राहिला. मग त्यानं मागं वळून रंजिताकडं पाहिलं.

"तू बाहेर थांब," तो म्हणाला.

तो आत गेला, रुपीबाई त्याच्यामागं गेली. पडदा ओढल्याचा आवाज झाला. रंजिता बाकावर, त्यानं सोडलेल्या जागेवर बसली. फिनेलचा वास होता, त्याच्याखाली जखमेचा. तिनं नाकाला ओढणी लावली नाही.